काळं दाखवता न येणारा पडदा

लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या सराफी दुकानाचं शटर रात्री अर्ध्यावर आलं आणि आत वेगळीच लगबग सुरू झाली. शोकेसमधले हार, तोडे, बांगड्या तिजोरीत गेले होते. मखमली मानेचे रिकामे स्टँड तेवढे मागे राहिले होते. दर्शनी काचेच्या आतल्या बाजूला दोन मुलं अॅल्युमिनियमची चौकट ठोकत होती आणि त्या चौकटीत पट्ट्यापट्ट्यांचे लांबट तुकडे एकाशेजारी एक अडकवत होती. या तुकड्यांना धंद्यात ‘कॅबिनेट’ म्हणतात. एक मीटर लांब, अर्धा मीटर उंच. मालकांना धनत्रयोदशीच्या आधी काचेवर नववधू चालताना दिसायला हवी होती, आणि तिच्या मागे खरे दागिनेही दिसायला हवे होते.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘आरपार’ असा ठरवला आणि मला म्हणाले, “काचेवर चित्रं चालतात ती बघून या. कशी चालतात तेही विचारा.” म्हणून मी तिथे स्टुलावर बसलो होतो.

साडेअकराच्या सुमाराला जोडणी झाली. लॅपटॉपवरून जाहिरातीची फिल्म लावली. एजन्सीनं केलेली ती फिल्म स्टुडिओतली होती, शुभ्र पार्श्वभूमीवरची. लावताक्षणी अख्खी शोकेस पांढऱ्या उजेडानं भरून गेली. मागचे स्टँड गायब, मखमल गायब, दुकानच गायब. मालक वैतागले. मग दुसरी फिल्म आली, गडद पार्श्वभूमीची. आता मागचं सगळं दिसायला लागलं, पण वधूच्या डोक्याच्या जागी एक भोक पडलं. चेहरा आहे, नथ आहे, मुंडावळ्या आहेत. केस मात्र नाहीत. केसांच्या जागी मागची तिजोरी दिसतेय.

“काका, याच्यात काळा नसतोच,” वायरी आवरता आवरता मोठा मुलगा म्हणाला. “काळा म्हणजे बंद दिवा. दिवा बंद झाला की मागचं दिसणार.”

पुढे या विषयात मी जे जे पाहिलं, त्या प्रत्येक ठिकाणी हा काळा रंग आडवा आला.

डासांच्या जाळीचा हिशेब

दुकानातला तो पडदा जवळ जाऊन पाहिला तर त्यात कुठलीही जादू नाही. आडव्या बारीक पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांचे ठिपके, आणि दोन पट्ट्यांमध्ये नुसती मोकळी हवा. खिडकीला डासांची जाळी लावली, तरी समोरचं झाड बघताना जाळी डोळ्यात येत नाही, तसंच हे. एका पट्टीवर ठिपके साधारण चार मिलिमीटरवर असतात आणि पट्ट्या एकमेकींपासून साधारण आठ मिलिमीटरवर. म्हणजे एका कॅबिनेटमध्ये आडवे २५६ ठिपके आणि उभे फक्त ६४. आतून बघणाऱ्याला पट्ट्यांच्या कडा तेवढ्या दिसतात, आणि मागचा सत्तरेक टक्के उजेड सहज पार होतो.

दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे ‘पिच’. बसवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: पिच जितके मिलिमीटर, तितके मीटर लांब उभं राहून बघा. आठचा पिच असेल तर आठ मीटर. लक्ष्मी रस्त्याची रुंदी लक्षात घ्या. समोरच्या फुटपाथवरून वधू छान दिसते. पण जो माणूस खरंच दागिने घ्यायला काचेपाशी येऊन वाकतो, त्याला वधू दिसत नाही, नुसते लुकलुकणारे ठिपके दिसतात. म्हणजे हा पडदा गिऱ्हाइकासाठी नाहीच. जो अजून गिऱ्हाईक झालेला नाही त्याच्यासाठी आहे. हे कळल्यावर मालकांचा राग बराच निवळला.

अक्षरांची गोष्ट वेगळी. अर्ध्या मीटरच्या उंचीत ६४ ओळी. त्यात मजकुराच्या तीन-चार रांगा बसवायच्या तर एका अक्षराला सोळा-वीस ओळी मिळतात. रोमन कॅपिटल अक्षरं त्यात ऐटीत बसतात. देवनागरीला मात्र शिरोरेखा लागते, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ‘मंगळसूत्र’ लिहिलं तर अनुस्वाराच्या वाट्याला एकच ठिपका येतो, आणि तो दिवा गेला की मगळसूत्र. त्र-चा पाय आणि दीर्घ ऊकार एकमेकांत मिसळतात. शेवटी त्या मुलांनी एका वेळी एकच शब्द, पूर्ण उंचीचा, असा तोडगा काढला. तो दिसायलाही चांगला होता.

राहिला उन्हाचा प्रश्न. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स प्रकाश पडतो. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तो आदळला की तिची झळाळी पंचवीस-तीस हजार निटपर्यंत जाते. घरातला टीव्ही काहीशे निटचा असतो. दुकानाची काच आपल्या दोन पृष्ठभागांवरून मिळून त्यातला सुमारे आठ टक्के प्रकाश परतवते. म्हणजे काचेवर दोनेक हजार निटचं नुसतं प्रतिबिंबच बसलेलं असतं. त्याच्यावर मात करायची म्हणून या दिव्यांना चार-पाच हजार निटची ताकद दिलेली असते. रात्री हाच उजेड ठेवला तर समोरच्या बिऱ्हाडाची झोप उडेल, म्हणून तो वेळेनुसार कमी-जास्त करावा लागतो. मालकांनी ते काम मुनीमजींकडे सोपवलं आहे. मुनीमजी ते आठवणीनं करतील याची मला खात्री नाही.

तपकीर गल्लीतली काच

दुसऱ्या जातीचा पारदर्शक पडदा बघायला दुकानांच्या झगमगाटात जायची गरज नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, जिथे वायरचा तुकडाही मीटरवर मोजून मिळतो, तिथल्या एका दुरुस्तीवाल्यानं तो मला पाच मिनिटांत करून दाखवला. त्यानं भंगारातला जुना मॉनिटर उघडला. मागचा पत्रा काढला, मग जाड अॅक्रिलिकची पाटी, मग दुधी प्लॅस्टिकचे दोन-तीन कागद, कडेची दिव्यांची पट्टी. हे सगळं मागच्या उजेडाचं सामान. ते बाजूला झाल्यावर हातात उरली एक पातळ, धुरकट काच. पट्टीवायरी न तोडता त्यानं ती पुन्हा जोडली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. काचेत विंडोजचं हिरवं कुरण उमटलं, आणि कुरणामागून शेजारच्या दुकानाची पाटीही दिसत होती, पुसट.

म्हणजे आपल्या घरातला प्रत्येक एलसीडी पडदा मुळात पारदर्शकच असतो. मागे दिवा बसवून आपण त्याला भिंत करतो.

पण ती काच इतकी धुरकट का? एलसीडीत दोन ध्रुवक असतात, म्हणजे प्रकाशलहरींचं एकाच दिशेचं कंपन जाऊ देणाऱ्या फिती. पहिल्याच ध्रुवकापाशी निम्म्याहून जास्त प्रकाश अडतो. पुढे द्रवस्फटिकाचा थर त्या कंपनाची दिशा वळवतो किंवा वळवत नाही, आणि त्यावर ठरतं की दुसऱ्या ध्रुवकातून प्रकाश सुटणार की थांबणार. मध्ये रंगांच्या गाळण्या: लाल ठिपका हिरवा-निळा खातो, हिरवा ठिपका लाल-निळा खातो; म्हणजे उरलेल्यातला दोनतृतीयांश तिथे गेला. शिवाय प्रत्येक ठिपक्याच्या कडेला तारा आणि ट्रान्झिस्टर. सगळा हिशेब केला तर मागून शंभर भाग प्रकाश सोडला असता पुढे सात-आठ भाग येतो. पारदर्शक म्हणून मुद्दाम बनवलेल्या एलसीडीतही तो पंधराच्या आसपासच पोचतो.

दुरुस्तीवाल्यानं आणखी एक गंमत दाखवली. मॉनिटरची ती जुनी काच वीज काढल्यावर फिकट राखाडी, आरपार. शेजारी पडलेली टीव्हीची काच मात्र वीज नसताना काळीठिक्कर. पहिल्या प्रकारात द्रवस्फटिकांचा स्वाभाविक पीळ प्रकाशाला वाट देतो आणि वीज दिली की वाट बंद होते, दुसऱ्यात उलटं. वीज गेल्यावर काच स्वच्छ हवी की काळी, हे शोकेस बनवणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं.

आणि रंगांचा न्याय इथे लक्ष्मी रस्त्याच्या बरोब्बर उलटा चालतो. एलसीडीत काळं म्हणजे अडवलेलं, पांढरं म्हणजे मोकळं सोडलेलं. सराफाची वधू इथे आणली असती तर केस शाबूत राहिले असते आणि पांढरी साडी आरपार झाली असती. दिव्यांच्या पडद्याला काळं नाही, एलसीडीला स्वतःचा उजेड नाही.

मागे उजेड लागतोच

म्हणून पारदर्शक एलसीडी जिथे जिथे दिसतो तिथे तो पेटीच्या तोंडाला असतो. मॉलमध्ये बुटाचा एकच जोड ठेवलेली पेटी, थंड पेयांच्या फ्रिजचं दार, घड्याळाची शोकेस. पेटीच्या आत चारही बाजूंनी पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या, भिंती पांढऱ्या. बाहेरचा माणूस समजतो की वस्तू उठून दिसावी म्हणून एवढा उजेड आहे. खरं तर तो उजेड पडद्याचं पोट भरण्यासाठी असतो. वस्तूला त्यात वाटा मिळतो इतकंच.

संग्रहालयवाल्यांना हा पडदा फार खुणावतो. ताम्रपटासमोर काच, काचेवर वाचन उलगडत जाणारी अक्षरं: कल्पना मोहात पाडणारी आहे. ताम्रपटापुरती ती ठीकही आहे. दगडाला, धातूला उजेडाची भीती नाही. पण कागद आणि कापड यांच्यासाठी संग्रहालयांचा जुना दंडक आहे: पन्नास लक्सच्या वर प्रकाश नको, रंग उडतात. आता जुनी पैठणी पन्नास लक्समध्ये ठेवा आणि तिच्यापुढे पंधरा टक्के प्रकाश सोडणारी काच लावा. बघणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते आठ लक्समध्ये ठेवलेल्या पैठणीइतकं अंधुक. दिसावं म्हणून दिवे वाढवले तर पैठणीचं आयुष्य घटतं. ज्या वस्तूंना समजावून सांगण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच हा पडदा परवडत नाही. एखादं मोडी कागदपत्र अशा काचेमागे ठेवल्याचं दिसलं, तर त्याच्यावर किती लक्स पडतात हे विचारायला हरकत नाही.

फ्रिजच्या दारांवरून अमेरिकेत एक वेगळाच प्रयोग झाला. शिकागोच्या कूलर स्क्रीन्स या कंपनीनं २०१८ पासून वॉलग्रीन्स या औषध-किराणा साखळीच्या दुकानांत फ्रिजची काचेची दारं काढून त्या जागी सरळ अपारदर्शक पडदे बसवायला सुरुवात केली. आत काय आहे ते पडद्यावर चित्रात दाखवायचं, मध्ये मध्ये जाहिराती. दारांना कॅमेरे आणि सेन्सरही होते. लोक दार उघडून आत खरंच दूध आहे का ते बघायला लागले. २०२३ मध्ये दोन्ही कंपन्या कोर्टात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मला यात नवल वाटलं ते असं की, ज्या काचेतून दूध फुकटात दिसत होतं, ती काढून दुधाचं चित्र दाखवायला कुणीतरी पैसे मोजले. तिथे पारदर्शक एलसीडी लावला असता तर निदान मागची रिकामी फळी तरी दिसली असती. पण रिकामी फळी दिसणं जाहिरातदाराला सोयीचं नसतं.

ठिपक्यातली मोकळी जागा

मागे दिवा नको, पट्ट्यांची जाळीही नको, आणि जवळून बघता आलं पाहिजे, अशी अपेक्षा असेल तर ओएलईडीकडे यावं लागतं. ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी १९८७ साली जो शोधनिबंध छापला, तिथून हे घराणं सुरू होतं. सेंद्रिय रसायनांचे अतिशय पातळ थर दोन विद्युतअग्रांमध्ये ठेवायचे. वीज सोडली की ते थरच प्रकाशतात. ते इतके पातळ असतात की मुळातच जवळपास पारदर्शक. नेहमीच्या पडद्यात त्यांच्या एका बाजूला आरशासारखा धातू असतो, तो काढून दोन्ही अग्रं पारदर्शक केली की झालं.

वीज वाहून नेणारी आणि तरी दिसायला काचेसारखी अशी वस्तू कोणती? इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा थर, कारखान्यातल्या भाषेत आयटीओ. वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. तांब्यात ते इतके दाटीनं असतात की प्रकाश आत शिरूच शकत नाही. आयटीओमध्ये ते वीज वाहण्यापुरते आहेत, पण दृश्य प्रकाश अडवण्याइतके नाहीत. आणि त्या पदार्थातल्या बांधलेल्या इलेक्ट्रॉनांना उचलायला जितकी ऊर्जा लागते, तितकी दृश्य प्रकाशाच्या कणात नसते; म्हणून प्रकाश तसाच निघून जातो. मोबाइलला बोट लावताना आपण रोज याच थरावर विसंबतो. इंडियम मिळतो तो जस्त गाळताना निघणाऱ्या उपपदार्थांतून. ठिपके चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टरही पारदर्शक ऑक्साइडचे करता येतात. टोकियोच्या हिदेओ होसोनो यांच्या गटानं २००४ मध्ये तसे ट्रान्झिस्टर लवचीक प्लॅस्टिकवर करून दाखवले.

एवढं करूनही प्रत्येक ठिपक्यात वाटणी करावीच लागते. काही भाग प्रकाशणारा, काही भाग रिकामा, आरपार बघण्यासाठी सोडलेला. रिकामा भाग वाढवला तर प्रकाशणारा कमी होतो, आणि उरलेल्यानं तेवढाच उजेड द्यायचा म्हणजे त्याला जास्त राबवायचं, तो लवकर झिजायचा. आज बाजारात असलेले असे पडदे मागचा चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रकाश सोडतात. उन्हाळी गॉगल लावून बघितल्यासारखं जग दिसतं.

या पडद्याचे टीव्हीही निघाले आहेत. शाओमीनं ऑगस्ट २०२० मध्ये चीनमध्ये ५५ इंची पारदर्शक टीव्ही ४९,९९९ युआनला आणला. एलजीनं जानेवारी २०२४ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात ७७ इंची टीव्ही दाखवला आणि वर्षाअखेरीस तो अमेरिकेत जवळपास साठ हजार डॉलरला विकायला काढला. रुपयांत पन्नास लाखांच्या घरात. त्यात एक खास सोय आहे. बटण दाबलं की टीव्हीच्या तळातून एक काळी फीत गुंडाळी सोडत वर येते आणि मागची सगळी बाजू झाकते. कारण सिनेमा बघायचा तर रात्रीचा प्रसंग काळाच दिसला पाहिजे. म्हणजे पन्नास लाखांत आधी आरपारपणा घ्यायचा आणि सिनेमाच्या वेळी तो झाकायचा.

घरातला टीव्ही पारदर्शक का असावा, याचं पटेल असं उत्तर मला कुठे मिळालं नाही. आपल्या घरांत टीव्हीच्या मागे भिंत असते. भिंत नसली तर बाल्कनी, आणि बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. पडदा म्हणून ही चीज साध्या पडद्यापेक्षा सर्व बाबतींत उणी आहे. जिथे काच आधीपासूनच लागते आणि त्या काचेमागे बघण्यासारखं काही असतं, तिथेच तिला काम आहे.

चित्र नक्की कुठे आहे?

अशी काच म्हटली की पहिली आठवते ती गाडीची पुढची काच. मग तिच्यात सरळ ओएलईडी का बसवत नाहीत? एका मित्राच्या गाडीत बसल्यावर याचं उत्तर डोळ्यांनीच दिलं. बोट डोळ्यांपुढे हातभर अंतरावर धरा आणि लांबच्या खांबाकडे बघा. बोटं दोन दिसतात. स्टिअरिंगपुढची काच चालकाच्या डोळ्यांपासून पाऊण-एक मीटरवर, रस्ता तीस-चाळीस मीटरवर. नजर रस्त्यावर असताना काचेवरचे आकडे दुहेरी आणि अस्पष्ट होणार. आकड्यांवर आणली की रस्ता अस्पष्ट होणार. म्हणून इथे चित्र काचेवर असून चालत नाही. ते काचेपलीकडे, लांब तरंगताना दिसायला हवं.

ही करामत जुनी आहे. २४ डिसेंबर १८६२ ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत आणलं. तिरकी उभी केलेली मोठी काच, खालच्या खड्ड्यात लपलेला नट, त्याच्यावर झगझगीत दिवा. प्रेक्षकांना काच दिसत नव्हती, नटाचं प्रतिबिंब तेवढं रंगमंचावर फिरताना दिसत होतं. वृत्तनिवेदकांचा टेलिप्रॉम्प्टर याच तत्त्वावर चालतो, आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदींच्या एकाच वेळी अनेक गावांत झालेल्या ‘थ्रीडी’ सभाही. काचेऐवजी तिथे ताणलेला पारदर्शक पापुद्रा होता. जानेवारी २०२२ मध्ये इंडिया गेटजवळच्या छत्रीत नेताजींचा जो २८ फुटी प्रकाशपुतळा उभा केला होता, त्यात ३०,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आणि नव्वद टक्के पारदर्शक पडदा वापरल्याचं सरकारी पत्रकात म्हटलं होतं. तिथेही सगळा खेळ रात्रीचा. रात्रीनं काळा रंग पुरवला.

लढाऊ विमानात या प्रतिबिंबाला भिंगांची जोड मिळाली. वैमानिकापुढच्या तिरक्या काचेवर वेग, उंची, नेम यांच्या हिरव्या रेषा उमटतात, पण भिंगांमुळे किरण समांतर होऊन येतात, त्यामुळे त्या रेषा क्षितिजाइतक्या लांब वाटतात. समोरचं विमान आणि नेमाची खूण दोन्ही एकाच नजरेत स्पष्ट. आपल्या तेजस विमानासाठी असं उपकरण चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेनं तयार केलं.

गाड्यांत ते आता खालच्या किमतींपर्यंत उतरलं आहे. २०२२ च्या मारुती बलेनोत डॅशबोर्डवर उभी राहणारी छोटी काचपट्टी आली. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत चित्र थेट पुढच्या काचेतून दिसतं. पुढच्या काचेची एक अडचण आहे. तिला दोन पृष्ठभाग, म्हणून प्रतिबिंबंही दोन, किंचित सरकलेली. त्यावर उपाय म्हणून दोन काचांमधला प्लॅस्टिकचा थर पाचरीसारखा, वर जाड आणि खाली पातळ असा करतात. मग दोन्ही प्रतिबिंबं एकमेकांवर बसतात. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं की दगड लागून काच फुटली की लोक स्वस्तातली साधी काच बसवून घेतात आणि मग ‘आकडे डबल दिसतात’ म्हणून प्रोजेक्टर बदलायला येतात. प्रोजेक्टरचा काही दोष नसतो.

मित्रानं ऊन लागतं म्हणून ध्रुवित काचांचा गॉगल चढवला आणि म्हणाला, “गेले आकडे.” काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या कंपनाचा असतो, आणि असले गॉगल नेमकं तेच कंपन अडवण्यासाठी बनवलेले असतात. रस्त्यावरची चकाकी जावी म्हणून घेतलेल्या गॉगलला त्या चकाकीतला वेगाचा आकडा वेगळा ओळखता येत नाही.

हेलसिंकीचा पिवळा फलक

थोडं आडवळण. फिनलंडच्या तुओमो सुन्तोला यांनी १९७० च्या दशकात अणूंचा एकेक थर चढवत पदार्थाचा पापुद्रा तयार करण्याची पद्धत काढली. कशासाठी, तर चपटे पडदे करायला. जस्ताच्या सल्फाइडमध्ये किंचित मँगेनीज घालून, दोन्ही बाजूंना निरोधक थर देऊन, उलटसुलट विद्युतदाब दिला की ते पिवळं चमकतं. असे फलक १९८३ मध्ये हेलसिंकीच्या विमानतळावर लागले. रंग एकच असल्यानं संगणकाच्या बाजारात त्यांचा निभाव लागला नाही. पण या रचनेतले सगळेच थर पारदर्शक, आणि कडाक्याच्या थंडीत त्यांना काही होत नाही. त्यामुळे काचेच्या आत चिकटवून बसवलेला हा पिवळा पडदा आज फिनलंडच्याच वाल्ट्रा ट्रॅक्टरच्या पुढच्या काचेत मिळतो. ट्रॅक्टरवाल्याला आकडा वाचायला मान खाली घालावी लागत नाही, आणि त्याचा वेग इतका कमी की काचेवरच्या आकड्यावर नजर आणायला त्याला सवड असते. सुन्तोलांची पद्धत मात्र पडद्यांपेक्षा चिप बनवणाऱ्यांच्या जास्त कामी आली. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला.

बोगद्यातली खिडकी

आरे ते कफ परेड ही मुंबईची मेट्रो ३ जवळपास सगळीच जमिनीखालून जाते. तिच्या खिडकीतून दिसतो तो आपलाच चेहरा. बाहेर अंधार, आत दिवे, त्यामुळे काच आरसा होते. बोगद्यातल्या गाडीला खिडकी कशाला, असा प्रश्न पडतो न पडतो तोच स्टेशन येतं आणि सगळे जण त्याच खिडकीतून फलाटावरचं नाव शोधायला लागतात.

चीनमध्ये २०२० मध्ये बीजिंगच्या मार्ग ६ वर आणि शेनझेनच्या मार्ग १० वर गाड्यांच्या खिडक्यांत एलजीचे ५५ इंची पारदर्शक ओएलईडी बसवले गेले. बोगद्यात काळी पार्श्वभूमी आयती मिळते. अक्षरं ठसठशीत दिसतात, पुढचं स्टेशन, बदलायची गाडी, हवामान. स्टेशन आलं की पडदा मोकळा होतो आणि फलाट दिसतो. काळ्याची उणीव इथे बोगदाच भरून काढतो. उघड्यावरून, घाटातून जाणाऱ्या गाडीत हेच लावलं तर दुपारच्या उन्हात अक्षरं धुऊन जातील, आणि पावसाळ्यात खंडाळ्याच्या धबधब्यावर कुणाला जाहिरात वाचायची असते? आपल्या साध्या लोकलचा तर प्रश्नच मिटला. तिथे खिडकीला गज आहेत.

काच आता कारकुनांच्या टेबलावरही येऊ पाहते आहे. लेनोव्होनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्सिलोनात आरपार पडद्याचा लॅपटॉप नमुना म्हणून दाखवला होता. १७.३ इंची. समोर बसलेल्या माणसाला तुम्ही काय टाइप करताय ते उलट्या अक्षरांत दिसतं. सरकारी कचेरीत तो सक्तीचा करावा असं एक क्षण मला वाटून गेलं.

तिकीट खिडकी

या सगळ्यात मला मनापासून पटलेला वापर सर्वांत साधा आहे. टोकियोतल्या सेइबू-शिंजुकू स्टेशनवर २०२३ मध्ये चौकशीच्या खिडकीत टोप्पान या कंपनीचा पारदर्शक पडदा लावून पाहिला. प्रवासी आपल्या भाषेत बोलतो, त्याचे शब्द काचेवर उमटतात, खाली जपानी भाषांतर. कर्मचारी जपानीत उत्तर देतो, ते प्रवाशाच्या भाषेत येतं. बारा भाषा. फोनवर भाषांतर करताना दोघांचीही मान खाली जाते. इथे ती वर राहते. कानांनी कमी ऐकू येणाऱ्या माणसाला अक्षरंही दिसतात आणि बोलणाऱ्याचे ओठही.

ही जागा या पडद्याच्या सगळ्या अटी आपसूक पुऱ्या करते. काच तिथे आधीपासून होतीच. उजेड घरातला, दिवसभर तितकाच. दाखवायच्या त्या चार ओळी. त्यात काळे केस नाहीत की पांढरी साडी नाही. माणूस काचेपासून हातभर अंतरावर, आणि मागे बघायचं ते तेवढ्याच अंतरावर, त्यामुळे नजरेची ओढाताण नाही. अक्षरं पलीकडून उलटी दिसतात, म्हणून दोन्ही बाजूंचा मजकूर वेगवेगळा दाखवावा लागतो, एवढीच काय ती खटपट.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या चौकशी खिडकीपाशी थोडा वेळ उभं राहिलं तरी याची गरज कळते. काचेला भोक, भोकापुढे वाकलेला माणूस, मागे रांग. एक बाई भोजपुरीत विचारतायत, आतला माणूस हिंदीत सांगतोय, मागचा मराठीत घाई करतोय. देवनागरी अक्षरं काढण्याइतका बारीक पिच ओएलईडीत आहे, त्यामुळे ‘मंगळसूत्रा’चा प्रश्न इथे येणार नाही. अडलंय ते ऐकण्यापाशी. वर कर्कश उद्घोषणा, शेजारी सामानाच्या गाड्या, आणि तीन माणसं एकदम बोलतायत; त्यातल्या कुठल्या आवाजाचे शब्द काचेवर उमटवायचे, हे आधी माइकला कळायला हवं.